सिलिकॉन व्हॅलीच्या डोक्यावरचं रडार

बे एरियात राहणाऱ्या मंडळींनी तो ठोकळा नक्की पाहिला असेल. सॅन होजेहून दक्षिणेकडे मान वळवली की डोंगररांगेच्या माथ्यावर एक करडा चौकोन दिसतो. मी इथे नवीन होतो तेव्हा पहिली दोन वर्षं मला ती पाण्याची टाकीच वाटायची. मग एकदा ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, की ते हवाई दलाच्या एका रडार तुकडीचं ठाणं होतं, १९८० पासून बंद आहे. डोंगराचं नाव माउंट उमुनम, उंची ३,४८६ फूट.

गेल्या ऑक्टोबरात माझे मामा-मामी साताऱ्याहून पहिल्यांदाच इकडे आले. मामा भारतीय हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बहुतेक वर्षं रडारच्या पडद्यासमोर गेली, कधी राजस्थानात, कधी पंजाबात, कधी ईशान्येकडे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, तोही आज त्याच खात्यात आहे. कुठे आहे ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं.

गोल्डन गेट झाला, आउटलेट मॉल झाला, लॉस एंजेलिसची ट्रिप झाली. मामा सगळं बघत होते, "छान आहे" म्हणत होते, पण रमत नव्हते. एका शनिवारी चहा घेताना मी सहज म्हटलं, "मामा, इथून पाऊण तासावर एक बंद पडलेलं रडार स्टेशन आहे. बघायचं का?" मामी म्हणाल्या, "अगं बाई, सात समुद्र ओलांडून आलो तर इथेही रडारच?" मामा तोवर बूट शोधायला लागले होते.

त्या एका दिवसावर हा लेख आहे. पण नुसतं प्रवासवर्णन लिहायचं नाही. सध्या आपल्या दोन्ही देशांत, म्हणजे जिथे जन्मलो तिथे आणि जिथे पोट भरतो तिथे, 'कवच' हा शब्द जोरात आहे. इथे 'गोल्डन डोम', तिकडे 'सुदर्शन चक्र'. अशा वेळी जुन्या कवचाचं पुढे काय झालं ते बघून येणं बरं.

ठाणं कशासाठी उभं राहिलं

२९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत रशियाने पहिली अणुचाचणी केली आणि अमेरिकेची झोप उडाली. तोवर दोन्ही बाजूंना समुद्र असणं हेच या देशाचं मोठं संरक्षण होतं. आता एकच बॉम्बफेकी विमान नजर चुकवून आत शिरलं तरी एक शहर जाणार होतं. म्हणून किनाऱ्यांवर, कॅनडाच्या बर्फात, समुद्रातल्या जहाजांवर, जागा मिळेल तिथे रडारची साखळी उभी राहिली. माउंट उमुनमवरचं ठाणं हा तिचा एक मणी. अधिकृत नाव अल्मडेन एअर फोर्स स्टेशन. पायथ्याशी न्यू अल्मडेन नावाच्या पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत, त्यावरून ते पडलं. तिथे जी तुकडी होती ती ६८२ वी. आधी तिच्या नावात 'विमान नियंत्रण आणि इशारा' हे शब्द होते, पुढे ती नुसती ६८२ वी रडार स्क्वाड्रन झाली.

तुकडीचं काम ऐकायला सोपं होतं: आकाशात काय उडतंय ते शोधायचं, ते आपलं की परकं ते ठरवायचं आणि परकं वाटलं तर आपल्या लढाऊ विमानांना तिथपर्यंत वाट दाखवायची. यातलं मधलं काम सगळ्यात अवघड. पॅसिफिकवरून येणारं प्रत्येक प्रवासी विमान पडद्यावर ठिपकाच असतं. त्या ठिपक्याची सांगड उड्डाणाच्या आधी दिलेल्या माहितीशी घालायची. वेळ आणि जागा जुळली तर सोडून द्यायचं. नाही जुळली तर घड्याळ सुरू.

डोंगरावरच का, याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडारचे किरण जवळजवळ सरळ जातात. रडारची उंची फुटांत घ्या, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. समुद्रालगत उडणारं विमान साधारण तितक्या मैलांवर दिसायला लागतं. सपाटीवर शंभर फुटी मनोरा बांधला तर १४ मैल. उमुनमच्या माथ्यावरून ८० मैलांच्या वर. उंचावरून उडणारं विमान अर्थातच आणखी किती तरी लांबून दिसतं.

साठच्या दशकात इथे एफपीएस-२४ नावाचं प्रचंड रडार बसलं. आज जो काँक्रीटचा ठोकळा दिसतो तो त्याचा नुसता पाया. त्याच्या डोक्यावर सुमारे १२० फूट रुंद आणि ८५ टनांचा अँटेना मिनिटाला पाच फेऱ्या मारायचा. म्हणजे दर १२ सेकंदांनी एक. त्याची लहर टीव्हीच्या चॅनेलांच्या शेजारची, त्यामुळे खाली खोऱ्यातल्या घरांत दर १२ सेकंदांनी रेडिओ-टीव्हीवर खरखर यायची. शीतयुद्ध म्हणजे काय, हे सॅन होजेच्या गृहिणींना त्या खरखरीतून कळत असणार.

वरती जवान आणि त्यांची कुटुंबं राहायची. बोलिंगची जागा होती, पोहण्याचा तलाव होता. हे सांगितल्यावर मामा हसले. म्हणाले, "आमच्याकडे व्हॉलीबॉलचं नेट होतं. वाळूत पोस्ट सारखे हलायचे."

आपल्या धंद्याचं आजोळ

मी कॉम्प्युटर इंजिनीअर. गेली काही वर्षं माझं काम आहे मॉनिटरिंगचं: हजारो सर्व्हर नीट चालू आहेत ना हे बघणारी प्रणाली आम्ही लिहितो. काही बिघडलं की रात्री दोनला फोन वाजतो. त्यामुळे या डोंगराचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत होतं, की हे सगळं ओळखीचं आहे.

कारण ते खरंच ओळखीचं होतं. सुरुवातीला रडारवरचा माणूस ठिपका बघून तोंडाने आकडे सांगायचा आणि दुसरा माणूस ते नकाशावर मांडायचा. विमानं वेगवान झाली तशी ही पद्धत अपुरी पडायला लागली. मग एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत 'सेज' नावाची प्रणाली तयार झाली. अनेक रडारांची माहिती टेलिफोनच्या तारांवरून अंकांच्या रूपात एका केंद्रात आणायची, तिथला कॉम्प्युटर ती जुळवणार आणि पडद्यावर एकच चित्र दाखवणार. उमुनमची माहिती सुरुवातीला उत्तरेला बील तळावरच्या केंद्रात जायची.

त्या केंद्रातला आयबीएमचा कॉम्प्युटर होता सुमारे २५० टनांचा. आत निर्वात नळ्या ५० हजारांच्या आसपास. बंद पडू नये म्हणून प्रत्येक केंद्रात जोडी ठेवलेली: एक कामावर, दुसरा तयारीत. आज आम्ही 'स्टँडबाय' म्हणून मोठ्या ऐटीत जे बांधतो ते हेच. पडद्यावरच्या ठिपक्यावर प्रकाशाची बंदूक रोखून तो निवडायचा, म्हणजे आजच्या माऊसची थोरली बहीणच. टेलिफोनवरून डेटा पाठवणारे मोडेम या गरजेतून पुढे आले. एमआयटीत जन्मलेली चुंबकी कोअर मेमरी इथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. शेकडो माणसांना पहिल्यांदा 'प्रोग्रामर' हा धंदा मिळाला तो या प्रकल्पावर. सेज बांधताना आलेला अनुभव घेऊन आयबीएमने अमेरिकन एअरलाइन्ससाठी सेबर ही तिकीट आरक्षणाची प्रणाली बांधली. दिवाळीला घरी जाण्यासाठी आपण रात्र-रात्र जागून तिकिटांचे भाव बघतो, त्याची एक मुळी इथवर येते.

हे मी मामांना गाडीत सांगत होतो. ते म्हणाले, "आमच्या वेळी कसला कॉम्प्युटर! काचेसारख्या पारदर्शक बोर्डाच्या मागे उभं राहून मेणाच्या पेन्सिलीने आम्ही विमानांच्या जागा लिहायचो. समोर बसलेल्या साहेबांना सरळ दिसावं म्हणून उलट्या अक्षरांत. अजून लिहून दाखवतो बघ." आणि खरंच, घरी परतल्यावर त्यांनी फ्रीजवरच्या पाटीवर माझं नाव आरशातल्यासारखं उलटं लिहून दाखवलं. माझी मुलगी थक्क झाली. तिला पाच दिवस तोच खेळ पुरला.

सेजच्या पूर्ण नावात एक शब्द फार महत्त्वाचा आहे: 'सेमी', म्हणजे अर्धं. अर्ध-स्वयंचलित. अर्ध काम यंत्राचं. उरलेलं अर्ध, म्हणजे हा ठिपका शत्रू आहे की नाही हे ठरवण्याचं, माणसाचं. हा शब्द चुकून पडलेला नाही.

काँक्रीट वाळेपर्यंत धोका बदलला

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे ठाणं बांधलं गेलं बॉम्बफेकी विमानांसाठी. पण ऑगस्ट १९५७ मध्ये रशियाने आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केली आणि ४ ऑक्टोबरला स्पुटनिक आकाशात गेला. उमुनमवरचं रडार क्षितिजापर्यंत विमानं शोधायला बनवलेलं. अंतराळातून तासाला हजारो मैलांच्या वेगाने येणाऱ्या वस्तूपुढे त्याचा काही उपयोग नव्हता. म्हणजे ठाणं कामाला लागतंय तोच मुख्य धोका डोक्यावरून निघून गेला. तरीही ते दोन दशकांहून जास्त काळ चाललं. कारण विमानांचा धोका संपला नव्हता, फक्त एकटा राहिला नव्हता.

क्षेपणास्त्रांसाठी मग वेगळी रडारं आली. ग्रीनलंडमधल्या थुले इथे त्यातलं पहिलं. ५ ऑक्टोबर १९६० ला त्या नव्याकोऱ्या यंत्रणेने मोठ्या क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात नॉर्वेच्या बाजूने चंद्र उगवत होता. रडारचे किरण चंद्रावर आपटून परत आले आणि यंत्राला ते शत्रूचं आगमन वाटलं. त्या दिवसांत ख्रुश्चेव्ह स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कमध्ये होते. आपला पंतप्रधान तिथे असताना कोण कशाला हल्ला करील, असा साधा विचार करणारी माणसं त्या साखळीत होती, म्हणून निभावलं.

९ नोव्हेंबर १९७९ ला नोराडच्या पडद्यांवर पुन्हा पूर्ण हल्ला दिसला. सरावासाठी बनवलेली माहिती खऱ्या यंत्रणेत शिरली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट डेटा प्रॉडक्शनमध्ये गेला. हे वाक्य वाचताना कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याच्या पोटात गोळा येईल. पुढच्याच वर्षी, जून १९८० मध्ये, ४६ सेंटच्या एका बिघडलेल्या चिपमुळे तसाच इशारा आला.

दोन्ही वेळी कुणी तरी थांबून इतर रडारांना विचारलं, "तुम्हाला काही दिसतंय का?" त्यांना काही दिसत नव्हतं. रडार तुकडीची भूमिका म्हणतात ती मला इथे नीट कळली. 'आहे' सांगणं हे तिचं अर्धं काम. 'नाही' असं खात्रीने सांगणं हे दुसरं. आणि हे दुसरं जास्त जोखमीचं आहे, कारण 'आहे' म्हणून चुकलं तर चौकशी होते, 'नाही' म्हणून चुकलं तर चौकशी करायला कुणी उरत नाही.

रात्री दोनला फोन वाजल्यावर मी अर्धवट झोपेत अलर्ट बंद करून पुन्हा झोपलोय, असं एकदा झालंय. आदल्या आठवड्यात तोच अलर्ट नऊ वेळा खोटा वाजला होता. दहावा खरा निघाला. आमचं नुकसान काही तासांचं आणि थोड्या पैशांचं. मामांना हे सांगितलं तर ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणून वॉच बदलायची. डोळे ताजे पाहिजेत. थकलेल्या माणसाला ठिपका दिसतो, पण दिसल्याचं कळत नाही."

फुगा, ड्रोन आणि गाळणी

फेब्रुवारी २०२३ आठवतो का? चीनचा एक अजस्र फुगा अलास्कावरून कॅनडा, तिथून माँटाना असा फिरत राहिला आणि ४ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे एफ-२२ विमानाने तो पाडला. खरी गंमत नंतर कळली. त्याआधीही असे फुगे येऊन गेले होते आणि ते त्या वेळी ओळखलेच गेले नव्हते. रडार बंद होती म्हणून नव्हे. नोराडच्या प्रमुखांनीच सांगितलं, की संथ गतीच्या वस्तू बाजूला टाकणारी गाळणी लावलेली होती. नाही लावली तर पक्षी, ढग, सगळंच पडद्यावर येतं. गाळणी थोडी सैल केल्याबरोबर पुढच्या आठवड्यात आणखी तीन वस्तू दिसल्या आणि पाडल्या गेल्या.

म्हणजे प्रश्न यंत्राच्या डोळ्याचा नव्हता. आपण त्याला काय बघू नको म्हणून सांगितलंय, याचा होता. ११ सप्टेंबर २००१ लाही तेच झालं: हवाई संरक्षणाची नजर बाहेर समुद्राकडे होती आणि विमानं देशातल्याच विमानतळांवरून उडाली होती. जून २०२५ मध्ये युक्रेनने रशियाच्या आत हजारो किलोमीटरवर ट्रकमधून ड्रोन सोडले आणि तळांवर उभी असलेली बॉम्बफेकी विमानं जाळली. सीमेवरच्या रडारांनी काय करावं?

आता मे २०२५ कडे येतो. ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि पुढच्या रात्री आपल्यापैकी प्रत्येकाने इथे जागून काढल्या असतील. आपल्याकडची रात्र म्हणजे इथला दिवस, त्यामुळे मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली फोन. ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले असं आपल्या सरकारने सांगितलं. लहान, संथ, खालून उडणारे: गाळणीतून निसटायला अगदी योग्य. तरी बहुतेक पाडले गेले. त्यानंतरच्या पत्रकार परिषदांत आयएसीसीएस हे नाव आपण पहिल्यांदा ऐकलं. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बांधलेली ही हवाई दलाची प्रणाली हवाई दलाच्या, सैन्याच्या, नागरी विमानतळांच्या रडारांची माहिती एकत्र करून एकच चित्र दाखवते. कल्पना सेजचीच, यंत्रं सत्तर वर्षं पुढची.

त्या चार रात्री आमच्या मामेभावाचा फोन लागत नव्हता. घरच्या ग्रुपवर क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ येत होते, त्यातले निम्मे कॉम्प्युटर गेमचे. मामी देवासमोर बसून होत्या. मामांनी टीव्ही बंद करायला लावला होता. मी फोन केला तेव्हा एवढंच म्हणाले, "तो ड्यूटीवर आहे. फोन लागत नाही म्हणजे ड्यूटी नीट चाललीय."

कवच म्हणजे काय

मग आता या डोमचं काय? २७ जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला. मे महिन्यात १७५ अब्ज डॉलर आणि सुमारे तीन वर्षं असा आकडा सांगितला. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आला: नुसत्या अंतराळातल्या प्रतिरोधक क्षेपणास्त्रांनाच वीस वर्षांत १६१ ते ५४२ अब्ज डॉलर लागू शकतात. हे कर भरणारे आपणही आहोत, मत नसलं तरी. तिकडे १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून 'मिशन सुदर्शन चक्र'ची घोषणा झाली, २०३५ पर्यंतची.

मी या दोन्हींच्या विरोधात नाही. ज्याचा भाऊ तिथे बसलाय त्याला कवच नको कसं वाटेल? पण उमुनमच्या डोंगरावरून बघितलं तर तीन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली, कवच बांधून होईपर्यंत बाण बदलतो. म्हणून मोठ्या एकाच चमत्कारापेक्षा बदलता येणारी, हलवता येणारी साधनं जास्त टिकतात. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सशी 'अश्विनी' रडारांचा २,९०६ कोटींचा करार केला. खालून उडणारी विमानं आणि ड्रोन शोधणारी ही रडारं इकडून तिकडे नेता येतात. त्याची बातमी आतल्या पानावर होती. माझ्या मते ती पहिल्या पानाची होती.

दुसरी, बिल नंतरही येत राहतं. १९८० मध्ये हवाई दल डोंगर सोडून गेलं आणि मागे अ‍ॅस्बेस्टॉस, शिशाचे रंग आणि पडकी घरं ठेवून गेलं. १९८६ मध्ये इथल्या मोकळ्या जागा जपणाऱ्या मिडपेनिन्सुला या सार्वजनिक संस्थेने ती जागा घेतली. केंद्र सरकारचा निधी मिळून साफसफाई होऊन लोकांसाठी माथा खुला व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडला. ज्या आदिवासींचा हा पवित्र डोंगर, त्या अमा मुत्सुन लोकांनाही तेव्हाच तिथे पुन्हा आपली जागा मिळाली. डोमच्या १७५ अब्जांत असा शेवटचा खर्च कुणी धरलाय का, हे विचारायला हवं.

तिसरी आणि माझ्यासाठी महत्त्वाची: रडार तुकडी म्हणजे मुळात माणसं. १९६५ मध्ये अमृतसरचं रडार उडवायला पाकिस्तानी विमानं पुन्हा पुन्हा आली, कारण ते डोळे फुटले असते तर आपली विमानं आंधळी झाली असती. ते चालू राहिलं, कारण तिथली माणसं जागेवर राहिली. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानं येताना दिसली तेव्हा आपल्या वैमानिकांना वाट दाखवणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अशी नावं आपल्याला किती आठवतात? विमान चालवणाऱ्याचा फोटो येतो. त्याच्या कानात बोलणाऱ्याचा येत नाही.

माथ्यावर

गाडी थेट वरपर्यंत जाते. वारा भयंकर होता. मामीनी शाल डोक्यावरून घेतली. एका बाजूला पूर्ण सिलिकॉन व्हॅली पसरलेली, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि पलीकडे समुद्र. ठोकळा मधोमध, आत जायला बंदी. काही लोकांना तो पाडून टाकायचा होता, काहींना, त्यात इथे राहिलेल्या जवानांची कुटुंबंही होती, तो जपायचा होता. २०१६ मध्ये काउंटीने त्याला वारशाच्या यादीत घेतलं आणि तो राहिला.

मामा त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारून आले. देवळाभोवती मारतात तशी. मग भिंतीवर हात ठेवून उभे राहिले.

मी विचारलं, "मामा, बावीस वर्षं हे लोक इथे बसले. एकदाही शत्रूचं विमान बॉम्ब टाकायला आलं नाही. फुकटच गेलं की नाही सगळं?"

ते म्हणाले, "तुझे आजोबा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचे. आम्ही पोरं विचारायचो, आज किती पाखरं मारली? ते म्हणायचे, मारायची कशाला, आलीच नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हणजे आज म्हातारा नुसता बसून आला." थोडं थांबून म्हणाले, "ज्वारी मात्र घरी यायची."

परत येताना मामांना गाडीतच झोप लागली. घरी पोचलो तेव्हा मामेभावाचा मेसेज आलेला होता. तिकडे रविवारची पहाट झाली होती. मी त्याला ठोकळ्यासमोर उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. "बाबांना सांग, ड्यूटी संपली. झोपतोय."